आरोपींची युती आणि मतदारांचा कौल

प्रतिनिधी

केरळमधील कूथाट्टुकुळम येथे १५ ऑक्टोबर २०२५ रोजी सकाळी फिरावयास निघालेले ऐंशी वर्षांचे एक परदेशी गृहस्थ हृदयविकाराच्या झटक्याने कोसळले. आयुर्वेदिक उपचारांसाठी आलेले हे पाहुणे म्हणजे केनियाचे माजी पंतप्रधान राइला ओडिंगा होते. पाच वेळा अध्यक्षपदाची निवडणूक लढवून पाचही वेळा पराभूत झालेला हा नेता आपल्याकडील बहुसंख्य वाचकांना त्या दिवशी प्रथमच ठाऊक झाला असावा. त्यांच्या निधनानंतर सात दिवसांचा राष्ट्रीय दुखवटा जाहीर करणारे अध्यक्ष विल्यम रूटो हे एकेकाळचे त्यांचेच सहकारी. पुढे २०१३ च्या निवडणुकीत ज्या जोडीने ओडिंगा यांना पराभूत केले, तिच्यातील एक रूटोच होते. त्या जोडीतील दोघांवरही तेव्हा मानवतेविरोधी गुन्ह्यांचे आरोप निश्चित झालेले होते आणि खटले हेग येथील आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयात उभे राहणार होते.

गंभीर गुन्ह्यांचा आरोपी देशाच्या सर्वोच्च पदासाठी मते मागतो, तेव्हा मतदार नेमका कोणता विचार करतात, हा प्रश्न गेल्या काही वर्षांत अनेक देशांत उभा राहिला. अमेरिकेत डोनाल्ड ट्रम्प यांना ३० मे २०२४ रोजी न्यूयॉर्कच्या न्यायालयात ३४ आरोपांवर दोषी ठरविण्यात आले आणि त्याच वर्षीच्या ५ नोव्हेंबरला ते निवडूनही आले. तथापि या प्रश्नाची खरी खोली समजून घ्यावयाची असेल, तर केनियाच्या २०१३ च्या निवडणुकीइतका बोलका दाखला दुसरा नाही. तेथे आरोप हिशेबातील गैरव्यवहारांचे नव्हते. मतदारांच्याच घरांची राख झाल्याचे ते आरोप होते.

पार्श्वभूमी

केनियात २७ डिसेंबर २००७ रोजी अध्यक्षपदासाठी मतदान झाले. सुरुवातीच्या मोजणीत ओडिंगा आघाडीवर होते. ३० डिसेंबरला मात्र तत्कालीन अध्यक्ष म्वाई किबाकी विजयी झाल्याचे घोषित करण्यात आले आणि काही तासांतच त्यांचा शपथविधीही उरकण्यात आला. त्यानंतर जो वणवा पेटला, त्यात अकराशेहून अधिक माणसे मारली गेली आणि लाखो लोक निर्वासित झाले. एल्डोरेटनजीक कियांबा येथे १ जानेवारी २००८ रोजी एका चर्चला आग लावण्यात आली. आश्रयाला आलेली किकुयू समाजाची कुटुंबे, त्यांत स्त्रिया आणि मुलेच अधिक, आत होरपळून मेली. त्याच महिन्याच्या अखेरीस नाकुरू आणि नैवाशा या शहरांत याचा सूड उगविण्यात आला. तेथे बळी गेले ते प्रामुख्याने लुओ आणि कालेंजिन समाजाचे.

याला केवळ निवडणुकीचा राग म्हणून चालणार नाही. रिफ्ट व्हॅलीतील सुपीक जमिनी ब्रिटिश मळेवाल्यांच्या ताब्यात होत्या. स्वातंत्र्यानंतर त्यांतील बऱ्याचशा किकुयू शेतकऱ्यांनी खरेदी केल्या आणि पहिले अध्यक्ष जोमो केन्याटा यांच्या राजवटीचे पाठबळ या व्यवहारांना होते. आपल्या पूर्वजांची जमीन परकीयांकडून परत आली ती शेजाऱ्याच्या घरात, ही सल कालेंजिन समाजाच्या मनात कायम राहिली. १९९२ आणि १९९७ च्या निवडणुकांच्या सुमारासही या भागात रक्त सांडले होते. २००७ मध्ये तोच निखारा पुन्हा फुंकला गेला.

संयुक्त राष्ट्रसंघाचे माजी सरचिटणीस कोफी अन्नान यांच्या मध्यस्थीने २८ फेब्रुवारी २००८ रोजी समझोता झाला. किबाकी अध्यक्ष राहिले, ओडिंगा पंतप्रधान झाले. हिंसाचाराची चौकशी न्यायमूर्ती फिलिप वाकी यांच्या आयोगाने केली. आयोगाने संशयितांची नावे जाहीर न करता ती एका बंद पाकिटात अन्नान यांच्या हाती सोपविली. देशात विशेष न्यायाधिकरण स्थापन न झाल्यास हे पाकीट हेगला जाईल, अशी अट होती. केनियाच्या संसदेने न्यायाधिकरणाचे विधेयक फेब्रुवारी २००९ मध्ये फेटाळून लावले. उगाच घोळ नको, सरळ हेगलाच जाऊ या, अशा अर्थाची यमक जुळविलेली इंग्रजी घोषणा त्या दिवसांत खासदारांच्या तोंडी होती. हेगचे काम वर्षानुवर्षे रेंगाळेल आणि तोवर सारे विसरले जाईल, असाच अनेकांचा होरा असावा. पुढे परक्यांच्या न्यायालयाविरुद्ध सर्वाधिक गळा काढणाऱ्यांत यांतलीच काही मंडळी होती, हे येथे नमूद करावयास हवे.

तथापि हेग रेंगाळले नाही. अभियोक्ता लुईस मोरेनो ओकाम्पो यांनी १५ डिसेंबर २०१० रोजी सहा नावे जाहीर केली. त्यांपैकी चौघांवरील आरोप २३ जानेवारी २०१२ रोजी निश्चित झाले. त्यात जोमो केन्याटा यांचे पुत्र व उपपंतप्रधान उहुरू केन्याटा, विल्यम रूटो, नोकरशाहीचे प्रमुख फ्रान्सिस मुथाउरा आणि नभोवाणी निवेदक जोशुआ सांग यांचा समावेश होता. रूटो व सांग यांच्यावर किकुयूंविरुद्धच्या हल्ल्यांचा, तर केन्याटा व मुथाउरा यांच्यावर प्रतिहल्ल्यांचा ठपका होता. चौघांनीही आरोप साफ नाकारले.

एकमेकांविरुद्धचे आरोपी एकत्र

यानंतर जे घडले, त्याने राजकारणाच्या जाणकारांच्याही भुवया उंचावल्या. २००७ मध्ये केन्याटा किबाकींच्या गोटात होते आणि रूटो ओडिंगांच्या. ज्या दोन समाजांनी परस्परांची घरे जाळली, त्यांचे हे दोन पुढारी. हेगच्या आरोपपत्रांनुसार एकाने दुसऱ्याच्या लोकांवर हल्ले घडवून आणले होते. हे दोघे २०१३ च्या निवडणुकीसाठी हातात हात घालून उभे राहिले. केन्याटा अध्यक्षपदाचे उमेदवार, रूटो उपाध्यक्षपदाचे, आणि आघाडीचे नाव ज्युबिली.

विरोधकांनी या युतीची संभावना आरोपींचा बचाव कक्ष अशी केली आणि त्यात तथ्य नव्हते असे म्हणता येणार नाही. परंतु रिफ्ट व्हॅलीतील सामान्य शेतकऱ्याच्या दृष्टीने तिचा अर्थ निराळा होता. आपला आणि शेजाऱ्याचा पुढारी एकाच व्यासपीठावर आहेत, म्हणजे या खेपेला मतदानानंतर रात्री जागून काढाव्या लागणार नाहीत, हा तो अर्थ. दूरच्या राजधान्यांत बसून लिहिणाऱ्यांना ही गोष्ट अखेरपर्यंत नीट उमगली नाही, असे आमचे मत आहे.

कायदा काय म्हणत होता

मतदारांच्या वादाकडे वळण्यापूर्वी कायद्याची चौकट पाहणे इष्ट ठरेल. केनियाने २०१० मध्ये नवे संविधान स्वीकारले. त्यातील सहावे प्रकरण नेतृत्व आणि सचोटी यांना वाहिलेले आहे. सार्वजनिक पद धारण करणाऱ्याची वर्तणूक पदाची प्रतिष्ठा राखणारी असावी, अशी त्याची अपेक्षा. त्याचा आधार घेऊन काही नागरी संघटना न्यायालयात गेल्या. मात्र त्याच संविधानाच्या ९९ व्या अनुच्छेदात अपात्रतेचा निकषही स्पष्ट आहे. किमान सहा महिन्यांच्या कारावासाची शिक्षा झालेली असली पाहिजे आणि अपिलाचे सारे मार्ग संपलेले असले पाहिजेत. केवळ आरोपी असणे ही अपात्रता नव्हे. उच्च न्यायालयाने १५ फेब्रुवारी २०१३ रोजी, अध्यक्षीय निवडणुकीसंबंधीचा हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयाच्या अधिकारकक्षेत येतो, असे सांगून हस्तक्षेप करण्यास नकार दिला. मतदान अवघ्या अडीच आठवड्यांवर आले होते. न्यायालयाने सोडून दिलेला प्रश्न अशा रीतीने मतदारांच्या पुढ्यात येऊन पडला.

याच संविधानाच्या १४३ व्या अनुच्छेदात आणखी एक चमत्कारिक तरतूद आहे. अध्यक्षाला पदावर असेपर्यंत फौजदारी कारवाईपासून संरक्षण असते, परंतु केनियाने स्वीकारलेल्या ज्या आंतरराष्ट्रीय करारांत असे संरक्षण नाकारलेले आहे, त्यांखालील गुन्ह्यांना ते लागू नाही. म्हणजे निवडून आल्यावरही केन्याटा यांना हेगपासून कायद्याने सुटका नव्हती. राजकारणाने ती मिळविता येते किंवा कसे, हा मुद्दा वेगळा.

भारतीय वाचकांना ही चौकट अपरिचित वाटणार नाही. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या आठव्या कलमान्वये आपल्याकडेही दोषसिद्धीनंतरच अपात्रता येते आणि आरोपपत्रातील उमेदवाराला मत द्यावयाचे की नाही, हे मतदाराच्याच विवेकावर सोपविलेले आहे. उमेदवारांनी गुन्ह्यांची माहिती प्रतिज्ञापत्रावर द्यावी, हा सर्वोच्च न्यायालयाचा २००२ सालचा निकालही याच विश्वासावर उभा आहे. याउलट ब्राझीलने अपिलीय न्यायालयातील दोषसिद्धी अपात्रतेस पुरेशी मानणारा कायदा केला. त्याखाली लुला डिसिल्व्हा यांना २०१८ ची निवडणूक लढविता आली नाही. पुढे २०२१ मध्ये त्यांच्यावरील निकाल रद्द झाले आणि २०२२ मध्ये ते पुन्हा अध्यक्षपदी निवडून आले. दोन्ही मार्गांना आपापले धोके आहेत.

चव्हाट्यावरचा वाद

नैरोबीच्या मध्यवस्तीत जीवनजी उद्यान आहे. कराचीत जन्मलेले बोहरी व्यापारी अलीभाई मुल्ला जीवनजी यांनी १९०६ मध्ये ते शहराला दिले. कराची त्या वेळी मुंबई इलाख्यात मोडत असे. या उद्यानातील बाकांवर नव्वदच्या दशकापासून सामान्यजनांची एक संसद भरते. तिला स्वाहिलीत ‘बुंगे ला म्वानान्ची’ म्हणतात. बेकार तरुण, फेरीवाले, शिक्षक, निवृत्त कारकून असे कोणीही येतात आणि देशाच्या कारभारावर खल करतात. अशी चर्चापीठे केनियात गावोगाव आहेत. वृत्तपत्र विक्रेत्याभोवती पथाऱ्यांवरचे मथळे वाचत उभा असलेला घोळका असो की प्रवाशांनी खच्चून भरलेली मटाटू गाडी, २०१३ च्या प्रारंभी विषय एकच होता.

केन्याटांच्या समर्थकांचा पहिला मुद्दा साधा होता. आरोप सिद्ध होईपर्यंत माणूस निर्दोष असतो. हा मुद्दा बिनतोड आहे, परंतु निवडणूक जिंकण्याइतका जोर त्यात कधीच नसतो. तो जोर आला इतिहासातून. १९५३ मध्ये कापेनगुरिया येथे ब्रिटिश न्यायालयाने जोमो केन्याटा यांना माउ माउ बंडाचे सूत्रधार ठरवून सात वर्षे सक्तमजुरी ठोठावली होती. त्यांच्यासह सहा जण आरोपी होते. बचावाच्या फळीत दिवाण चमनलाल हे नेहरूंनी पाठविलेले विधिज्ञ होते आणि फिट्झ डिसोझा हे गोमंतकीय वंशाचे तरुण वकीलही होते. परक्या न्यायाधीशाने गुन्हेगार ठरविलेला तो माणूस दहा वर्षांनी स्वतंत्र राष्ट्राचा पिता झाला. त्याच्या मुलाचे नाव उहुरू, म्हणजे स्वातंत्र्य. आता पुन्हा युरोपातील एक न्यायालय आणि पुन्हा सहा जण. ज्युबिलीच्या प्रचारकांना यापेक्षा अधिक काय हवे होते? दोन्ही प्रसंगांत साम्य किती आणि फरक किती, याचा हिशेब प्रचारसभांत कोणी मांडला नाही. कापेनगुरियाला राजसत्तेने आपल्या विरोधकाला पिंजऱ्यात उभे केले होते. हेगच्या पिंजऱ्यात मात्र सत्ताधारी होते आणि फिर्याद होती ती घरे गमावलेल्यांची.

हेगचे न्यायालय केवळ आफ्रिकी नेत्यांच्याच मागे लागते, हा आक्षेपही जोरात होता. त्या वेळी तेथील सर्व खटल्यांतील आरोपी आफ्रिकी होते, ही वस्तुस्थिती आहे. दुसरी बाजू अशी की, केनियाने २००५ मध्ये रोम करार स्वेच्छेने मान्य केला होता आणि देशातच न्यायाधिकरण उभारण्याची संधी त्याच्याच संसदेने दवडली होती.

या आगीत तेल ओतले ते पाश्चात्त्य मुत्सद्द्यांनी. अमेरिकेचे आफ्रिकाविषयक साहाय्यक परराष्ट्रमंत्री जॉनी कार्सन यांनी ७ फेब्रुवारी २०१३ रोजी, निवडीला परिणाम असतात, अशा अर्थाचा इशारा दिला. निवड केनियाच्या जनतेनेच करावयाची आहे, असे अध्यक्ष ओबामा यांनी दोनच दिवस आधी ध्वनिचित्रफितीद्वारे सांगितले होते. आरोपींशी केवळ अत्यावश्यक तेवढाच संपर्क ठेवू, असे ब्रिटिश धोरण होते. या इशाऱ्यांनी काठावरचे मतदार दूर जातील ही अपेक्षा फोल ठरली. आम्हाला धमकावता कोण, या भावनेने ते उलट जवळच आले असावेत.

विरोधी बाजूचे म्हणणेही तितकेच ठाशीव होते. साध्या नोकरीसाठी पोलिसांकडून चांगल्या वर्तणुकीचा दाखला आणावा लागणाऱ्या देशात, अध्यक्षपदासाठी मात्र खून, बलात्कार आणि सक्तीचे स्थलांतर यांचे आरोप आड येऊ नयेत, हे कसे? व्यवहाराचा प्रश्नही होता. अध्यक्ष आणि उपाध्यक्ष दोघेही महिनोन् महिने हेगच्या न्यायालयात बसले, तर देश चालवायचा कोणी? ११ फेब्रुवारीला केनियाच्या इतिहासातील पहिला अध्यक्षीय वादसंवाद दूरचित्रवाणीवर झाला. हेगहून स्काइपवर सरकार चालविणे कठीण जाईल, असा टोला ओडिंगा यांनी तेथे लगावला. हा आपला व्यक्तिगत प्रश्न असून तो कर्तव्याआड येणार नाही, असे केन्याटा यांचे उत्तर होते. अकराशेहून अधिक मृत्यूंशी व लाखो विस्थापितांशी निगडित खटला व्यक्तिगत कसा, हे त्यांना कोणी पुरेसे रेटून विचारले नाही. २००८ च्या वणव्याचा धसका घेतलेली केनियाची वृत्तपत्रे व वाहिन्या त्या मोसमात शांततेला इतक्या जपत होत्या की टोचणारे प्रश्न बहुधा मागेच राहिले.

या वादात विरोधक सारे तत्त्वनिष्ठ होते आणि समर्थक सारे जातीय, असे चित्र रंगविणे अन्यायाचे होईल. केन्याटा व रूटो हेगमध्ये अडकले तर ओडिंगांचा मार्ग निष्कंटक होतो, हे गणित लुओ मतदारालाही कळत होते. न्यायाचा आग्रह आणि आपल्या माणसाचा लाभ या दोन गोष्टी एकाच दिशेला निघाल्या, की त्यांतील कोणती कोणाला ओढते आहे हे सांगणे अवघड असते. सर्वांत बिकट अवस्था होती ती प्रत्यक्ष पीडितांची. रिफ्ट व्हॅलीतून हुसकावून लावलेल्या किकुयू कुटुंबांना न्याय हवा होता तो रूटो यांच्यावरील खटल्यातून, आणि त्यांच्याच समाजाचा नेता आता रूटो यांच्यासाठी मते मागत होता. न्याय मागावा तर आपलीच युती मोडते. युती मोडली तर पुन्हा घर जाण्याची भीती. आपला माणूस सत्तेवर नसेल तर आपल्याला वाचविणार कोण, या प्रश्नाने अखेर इतर सारे प्रश्न गिळून टाकले.

निकाल आणि त्यानंतर

४ मार्च २०१३ रोजी मतदान झाले. नोंदणीकृत १ कोटी ४३ लाख मतदारांपैकी सुमारे ८६ टक्के मतदारांनी मतदान केले. विजयासाठी एकूण मतांच्या निम्म्याहून अधिक मते आणि ४७ पैकी किमान २४ परगण्यांत २५ टक्के मते आवश्यक होती. केन्याटा यांना ६१ लाख ७३ हजार ४३३ मते, म्हणजे ५०.०७ टक्के मते पडली. निम्म्याचा उंबरठा त्यांनी ओलांडला तो सुमारे ८,४०० मतांनी. ओडिंगा ४३.३१ टक्क्यांवर थांबले. त्यांनी सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली. ३० मार्चला न्यायालयाने एकमताने निवडणूक वैध ठरविली आणि ओडिंगा यांनी निकालाशी असहमती दर्शवूनही तो मान्य केला. मोठा हिंसाचार झाला नाही. युतीच्या बाजूने मत देणाऱ्यांना जे हवे होते, ते त्यांना मिळाले.

खटल्यांचे पुढे काय झाले? मतदान होऊन आठवडा उलटतो न उलटतो तोच मुथाउरा यांच्यावरील आरोप मागे घेण्यात आले, कारण प्रमुख साक्षीदाराने जबानी फिरविली होती. रूटो यांचा खटला १० सप्टेंबर २०१३ रोजी सुरू झाला. त्याच महिन्यात नैरोबीच्या वेस्टगेट संकुलावर दहशतवादी हल्ला झाला, तेव्हा उपाध्यक्षांना मायदेशी परतता यावे म्हणून न्यायालयाने सुनावणी आठवडाभर तहकूब केली. ओडिंगांच्या स्काइपच्या टोल्याची आठवण त्या वेळी अनेकांना झाली असेल. केन्याटा ८ ऑक्टोबर २०१४ रोजी हेगमध्ये हजर झाले. विद्यमान राष्ट्रप्रमुख या न्यायालयापुढे उभा राहण्याचा तो पहिलाच प्रसंग. तत्पूर्वी त्यांनी अध्यक्षपदाची सूत्रे तात्पुरती रूटो यांच्याकडे दिली होती, म्हणजे एका आरोपीने दुसऱ्याकडे.

५ डिसेंबर २०१४ रोजी अभियोक्ता फातू बेन्सूदा यांनी केन्याटा यांच्यावरील आरोप मागे घेतले. साक्षीदारांवर दबाव आणला जात आहे आणि केनियाचे सरकार कागदपत्रे देत नाही, अशी त्यांची तक्रार होती. सरकारने सहकार्याचे कर्तव्य पाळले नाही, असा निष्कर्ष न्यायालयाने २०१६ मध्ये नोंदविला. ५ एप्रिल २०१६ रोजी रूटो व सांग यांचा खटलाही थांबविण्यात आला. ही निर्दोष मुक्तता नव्हती. पुरावा तोकडा पडला, मात्र साक्षीदारांना फितविण्याचे व धमकावण्याचे प्रकार पाहता नव्याने खटला भरण्याचा मार्ग खुला ठेवण्यात आला. आपल्या अशिलांवर किटाळच होते, असे बचाव पक्ष सांगत राहिला. पीडितांच्या हाती मात्र ना दोषी लागला, ना निर्दोषत्वाचा निर्णायक निवाडा. केन्याटा यांनी मार्च २०१५ मध्ये संसदेत सरकारतर्फे क्षमायाचना करून पीडितांसाठी दहा अब्ज शिलिंगांचा निधी घोषित केला.

त्यानंतर केन्याटा आणि रूटो यांच्यात वितुष्ट आले. २०२२ च्या निवडणुकीत केन्याटा यांनी चक्क जुने प्रतिस्पर्धी ओडिंगा यांना पाठिंबा दिला, तरीही रूटो जिंकले. आणि मार्च २०२५ मध्ये याच रूटो यांनी ओडिंगांशी सहकार्याचा करार केला. हेगचा विषय २०२२ च्या प्रचारात जवळपास कोणी काढला नाही. रूटो यांच्या खटल्यातील साक्षीदारांना फितविल्याचा आरोप असलेल्या एका वकिलावर हेगमध्ये स्वतंत्र खटला चालला होता. सप्टेंबर २०२२ मध्ये, निकाल लागण्यापूर्वीच, त्याचा मृत्यू झाला आणि तो खटला बंद झाला. रूटो यांचा शपथविधी त्याच महिन्यातला. नोव्हेंबर २०२३ मध्ये हेगच्या अभियोक्ता कार्यालयाने केनियातील हिंसाचाराचा तपास संपविल्याचे जाहीर केले.